आईच्या दाराची मूठ

नव्या पितळेला म्हातारं करणं हा तिचा धंदा. दुकानदार कोऱ्या कड्या, मुठी, बिजागऱ्या आणून टाकायचे आणि ही मोरीत बसून त्यांना आजी-पणजीच्या वयाच्या करून द्यायची. म्हणून दादाने आईच्या खोलीच्या दाराची मूठ मागितली, तेव्हा ती तोंडाने "बरं" म्हणाली आणि मनात तिने ठरवलं, याच्या तोंडाला पानं पुसायची.

आईचं आजारपण तिने एकटीने काढलं होतं. दादा लांबून फोनवर सल्ले द्यायचा. आणि आता साहेबांना नव्या घराच्या दाराला आईची आठवण हवी! आयत्या बिळावर नागोबा. खरी मूठ त्याच्या हाती लागता कामा नये, एवढंच तिला कळत होतं.

त्याच घडणीची नवी आडवी मूठ तिने शोधून आणली. आधी थिनरने पुसून वरचं चकचकीत रोगण काढलं. ते राहिलं तर पितळ रंग धरत नाही. मग साबणाने धुऊन झाकणाच्या बादलीत अमोनियावर टांगली, नुसती वाफ लागेल अशी. झाकण उघडलं तेव्हा खिडकी सताड उघडी असूनही डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. आई गेली त्या दिवशी एवढं आलं नव्हतं, याचा तिला रागच आला.

मूठ काळपट तपकिरी झाली होती. आता शेवटची खुबी. वर्षानुवर्षं हात लागून जिथे पितळ उजळतं, तेवढीच जागा तारेच्या घासणीने घासायची. हे काम तिने झोपेतही केलं असतं. मूठ धरून बघितली, अंगठा पडला तिथे घासलं, वरून मेण फिरवलं. खरी मूठ तिने दारावरून काढली आणि बघवेना म्हणून तशीच फडक्यात गुंडाळून कपाटात टाकली.

दादा आला. मूठ घेऊन खिडकीशी गेला. आधी डाव्या हातात धरली, मग उजव्या. चोराच्या मनात चांदणं.

"अगं, आई डावखुरी होती ना?"

होतीच. पण शेवटी शेवटी घास हीच भरवायची, आईचा कुठलाच हात हलत नव्हता. ती हे साफ विसरली होती, आणि कधीच न फिरकलेल्या दादाच्या लक्षात होतं.

"ही तर उजव्या हाताने झिजलीय," दादा म्हणाला. "म्हणजे तुझ्या. किती वेळा उघडलं असशील गं ते दार! आणि मी मूर्ख आईचा हात शोधतोय." त्याने मूठ तिच्या हातात ठेवली. "नाही नेत मी. माझा काय हक्क?"

"दादा, अरे, ऐक तरी..."

"नको. चुकलंच माझं." डोळे पुसत तो चपला घालून गेलाही.

हेच ऐकायला ती इतकी वर्षं झुरली होती. मिळालं, तेही खोट्या मुठीवर. आता ते खरं मानायचीही सोय राहिली नाही.

तिने कपाटातून फडकं काढून सोडलं. डाव्या हाताने मूठ धरली तर अंगठा नेमका उजळलेल्या जागी बसला. मग तिने हात बदलला. दुसऱ्या बाजूलाही पितळ उजळलं होतं, थोडं कमी, पण उजळलं होतं. तिथे घासणी कधीच लागली नव्हती.

खरी दिली असती, तर दादाला दोघींचे हात दिसले असते.