पावणेआठ

फोटोग्राफी क्लबात तिला सगळे 'पावणेआठ' म्हणत. तोंडावर नाही, तोंडावर 'ताई'. पण ती खोलीत शिरली की मागच्या रांगेतून कुणीतरी हमखास पुटपुटे, "आले बघा पावणेआठ," आणि शेजारचा घड्याळ बघून म्हणे, "छे, अजून सहाच." दोन वर्षांत ती एकदाही पावणेआठच्या पुढे थांबली नव्हती. परीक्षक बोलत असोत, चहा यायचा असो, कुणाचा सत्कार असो, पावणेआठला ती पिशवी उचलायची आणि लोकांच्या गुडघ्यांना धक्के देत, "सॉरी, सॉरी" करत रांगेतून बाहेर पडायची. निकाल तिला पुढच्या महिन्यात, शिळे होऊन कळत.

कारण साधं होतं. घरी बाबा होते, आणि बाबांजवळ बसणाऱ्या काकू बरोबर आठला उठत. सव्वाआठला त्यांना पलीकडच्या गल्लीतल्या एका आजींना इन्सुलिन द्यायचं असे. क्लबापासून घरापर्यंत झपझप चाललं तर बारा मिनिटं. तीन मिनिटं जिन्याची, चपला काढायची, हात धुवायची. हा हिशेब तिनं एकदाच बसवला होता आणि मग त्याला हात लावला नव्हता. मार्चमध्ये एकदा वाटेत मिरवणुकीत अडकून ती बावीस मिनिटं उशिरा पोचली. काकू वाट बघून बघून निघून गेल्या होत्या. बाबांना वाटलं दारात कुणीतरी उभं आहे. अर्धांगवायूनं उजवा पाय गेलेला आहे हे विसरून ते उठले आणि पलंग आणि कपाट यांच्या मधे पडले. कपाळाला सात टाके. तेव्हापासून बावीस हा आकडा कुठेही दिसला, बसच्या पाटीवर किंवा प्रयोगशाळेतल्या बाटलीवर, की ती घड्याळ बघे.

प्रयोगशाळेत ती पाणी तपासायची. काचेच्या बशीत जिवाणूंच्या वसाहती वाढतात, ठिपक्यांसारख्या, त्या मोजायच्या. खात्रीचा आकडा पेनानं, अंदाजाचा पेन्सिलीनं, असा तिथला दंडक होता. सकाळी सात ते दुपारी तीन ठिपके, मग घर. महिन्यातून एक शनिवार, दोन तास, हा क्लब आणि त्याची स्पर्धा. बाकी फोटो काढायचे ते घरातूनच, एकाच खिडकीतून, कारण दुसरी खिडकी मागच्या भिंतीवर उघडत होती.

"खिडकीतून काढलेल्या फोटोला कुणी बक्षीस देतं का गं?" दादा फोनवर हसला होता. दादा, तिचा थोरला भाऊ, शहराच्या दुसऱ्या टोकाला राहत असे, सव्वा तासावर. दोन महिन्यांतून एकदा फळं आणि सल्ले घेऊन यायचा. "उगाच जीव काढतेस. सोड तो क्लब, घरी जरा पड."

"आणि नंबर आला तर?"

"पहिला?"

"पहिला."

"तर महिन्यातले दोन रविवार मी बाबांजवळ बसतो. सकाळ ते संध्याकाळ. जा!"

"लिहून दे."

"अगं काय कोर्टात जाणार आहेस का?" पण दिलं त्यानं लिहून, मेसेजमध्ये. 'पहिला नंबर आला तर दोन रविवार माझे. शब्द म्हणजे शब्द.' पुढे हसरा चेहरा. तो मेसेज तिनं जपून ठेवला. दोन रविवारी काय करायचं तेही ठरलं होतं. पहिल्या रविवारी रस्ता ओलांडून समोरच्या इमारतीत जायचं, चौथ्या मजल्यापर्यंत चढायचं आणि तिथून आपली खिडकी बघायची. बाहेरून ती कशी दिसते हे तिला माहीतच नव्हतं.

त्या समोरच्या इमारतीचाच फोटो तिनं या वेळी दिला होता. तिच्या जिन्याला प्रत्येक मजल्यावर एक अरुंद उभी खिडकी आहे. संध्याकाळी सहा चाळीसच्या सुमारास एक वायरमन खांद्यावर हत्यारांची पिशवी टाकून तो जिना चढतो. हे आधी बाबांनी पाहिलं. जीभ जड झाल्यापासून त्यांना बोलण्याचा सराव हवा होता, आणि ते खिडकीशी बसून त्या माणसाला मोजू लागले. तो पहिल्या खिडकीत दिसला की "एक." मग अठरा-एकोणीस सेकंदांनी "दो-न." तिसऱ्याला जीभ अडखळे. चौथ्याला कधी "चार," कधी नुसता श्वास. तिनं कॅमेरा ट्रायपॉडला लावला आणि बाबा आकडा म्हणाले की बटण दाबलं. एकाच चौकटीवर चार वेळा. अकरा संध्याकाळी बिघडल्या. बाराव्या संध्याकाळी चारही खिडक्यांत एकच माणूस आला, वाकत वाकत चढणारा, आणि चौथ्या खिडकीत तो इतका पुसट की नुसती पिशवीच वर चालली आहे असं वाटावं.

आता अडचण होती ती नियमाची. क्लबाचे चिटणीस होते 'फिल्टर'; त्यांच्यातून गाळल्याशिवाय क्लबात चहाची वेळसुद्धा ठरत नसे. आपला प्रिंट झाला की लोक उठून जातात आणि शेवटी परीक्षक रिकाम्या खुर्च्यांना बक्षीस देतो, याचा त्यांना राग येई. म्हणून जानेवारीत त्यांनी नियम केला: निकालाच्या वेळी प्रिंटचा मालक खोलीत हजर नसेल तर प्रिंट बाद. नियमाला सगळ्यांनी हात वर केले. तिनंही केला. तेव्हा तिचा नंबर येण्याजोगा एकही फोटो नव्हता.

दुपारीच तिनं काकूंना विचारून पाहिलं होतं. "काकू, आज अर्धा तास?"

"मी थांबेन गं, पण त्या आजींची साखर थांबेल का?"

मग दादाला. "आज आठ ते नऊ बाबांकडे येशील?"

"आजच का? तुझ्या वहिनीचे पाहुणे आहेत. आधी सांगायचंस की." तिनं सोमवारीच सांगितलं होतं. आपल्याच शब्दातून सुटायला दादाला नुसतं घरी बसायचं होतं, आणि त्यानं ते मुद्दाम केलं नव्हतं, हे त्यातलं जास्त वाईट.

तर त्या शनिवारी ती चौथ्या रांगेत, मधल्या खुर्चीत बसली होती. एका बाजूला दंतवैद्य, जे फक्त सूर्यास्त काढत; दुसऱ्या बाजूला पक्षीवाले, ज्यांच्या मांडीवर एवढी मोठी लेन्स होती की लोक तिला 'धाकटा' म्हणत. खोलीत अंधार. पुढे स्टँडवर एक प्रिंट आणि त्यावर एकच दिवा. दार उघडलं तर व्हरांड्याचा पांढरा उजेड प्रिंटवर पडतो, म्हणून फिल्टर दारालाच खुर्ची लावून बसले होते. प्रिंटच्या मागे फक्त नंबर. कुणाचा कोणता हे फिल्टरांच्या बंद पाकिटात. ते पाकीट शेवटी फुटणार. तोवर मालकानं तोंड उघडायचं नाही, खोकायचंसुद्धा बेतानं.

सुरुवात सहा वीसला झाली. एकतीस प्रिंट. शेवटच्या निवडीला दहा मिनिटं धरली तर पावणेआठपर्यंत प्रत्येकाला दोन मिनिटं पंचवीस सेकंद मिळत होती. परीक्षक दुसऱ्या गावाहून आलेले, भारदस्त आवाजाचे, आणि बोलणं म्हणजे मारुतीचं शेपूट. पहिल्या प्रिंटला त्यांनी चार मिनिटं घेतली. दुसऱ्यात एक बगळा होता. बगळ्याला सात.

"बगळा माझा नाही हं," पक्षीवाले तिच्या कानाशी कुजबुजले. "माझा याहून बरा आहे."

"बोलू नका हो," ती म्हणाली.

सात वाजून चार मिनिटांनी चौदा नंबर स्टँडवर आला. परीक्षकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. चाळीस सेकंद. तिनं मोजले.

"हा माणूस," ते शेवटी म्हणाले, "मोकळा माणूस आहे. मंडळी, आपण सगळे पळतो. डोंगर, नदी, बगळे." मागे कुणीतरी हसलं. "यानं एक जागा निवडली आणि तिथे ठाण मांडलं. कुणी सांगितलं नव्हतं त्याला. एवढा वेळ स्वतःला द्यायला आतून स्वतंत्र असावं लागतं."

"कुणीतरी रिकामटेकडा दिसतोय," दंतवैद्य पुटपुटले.

"असेल," ती म्हणाली. कानांच्या पाळ्या तापल्या होत्या. हसू येत होतं आणि ते हसू कुठे ठेवावं कळत नव्हतं. समोर स्टँडवर बाबांचे चार आकडे उभे होते.

"राखीव," परीक्षक म्हणाले. म्हणजे शेवटच्या निवडीसाठी बाजूला. भिंतीशी ठेवलेल्या फळीवर चौदा नंबर जाऊन बसला. तिथे तोवर दोनच होते.

मग घड्याळ पळू लागलं आणि परीक्षक सावकाश झाले. सतरावा, एक पूल. अठरावा, तोच पूल दुसऱ्या बाजूनं. साडेसात झाले तेव्हा एकविसावा होता. उरलेल्या दहांचा गुणाकार तिनं दोनदा केला, जसा बशीतला संशयास्पद आकडा दोनदा मोजतात. आठ वाजून तीन मिनिटं. त्यावर निवड, त्यावर भाषण. साडेआठ. पलंग आणि कपाट यांच्या मधली फरशी तिला स्पष्ट दिसली, तिच्यावरच्या तड्यासकट.

पावणेआठला ती उठली.

"झाले का पावणेआठ?" मागून आवाज आला. दबकं हसू. पक्षीवाल्यांनी 'धाकट्या'ला छातीशी धरून वाट दिली. ती दारापर्यंत गेली. फिल्टर हलले नाहीत.

"ताई, पंचविसावा चालू आहे. दार उघडलं की उजेड पडतो."

"मला जायला हवं."

"राखीव आहेत त्यांनी कुणी जायचं नाही, ठाऊक आहे ना? तुमचा राखीव आहे का?" आणि लगेच हात वर करून, "नाही, नाही, सांगू नका! मला कळता कामा नये. पाकीट बंद आहे."

"मग मी जाऊ कशी?"

फिल्टरांनी विचार केला. नियम त्यांनीच केला होता आणि आता तो त्यांच्याच खुर्चीत बसला होता. "राखीवमध्ये तुमचा नसेल तर जा. असेल तर बसा. एवढंच सांगा, नसेल तर."

सात सत्तेचाळीस. तिनं मागे वळून पाहिलं. दिव्याच्या कडेच्या उजेडात फळीवरचा चौदा नंबर अर्धा दिसत होता, वरच्या दोन खिडक्या.

"नाही माझा," ती म्हणाली.

फिल्टरांनी खुर्ची सरकवली, दार वीतभर उघडलं, आणि ती आडवी होऊन बाहेर पडली. मागून परीक्षकांचा आवाज आला, "अहो, उजेड!"

आठला एक मिनिट कमी असताना ती धावतच घरात शिरली. काकूंची चप्पल पायात चढलेलीच होती. "आलीस? बरं झालं बाई. जेवलेत ते, औषध राहिलंय." आणि गेल्या. बाबांनी तिच्याकडे पाहिलं. डाव्या हाताची चार बोटं वर केली, प्रश्नासारखी.

"बघितला सगळ्यांनी," ती म्हणाली. "आवडला." पाणी घट्ट करणारी पूड पाण्यात ढवळून ती त्यांना चमच्यानं पाजू लागली. साध्या पाण्यानं त्यांना ठसका लागे. एक घोट, थांबायचं, गळा हललेला बघायचा, मग दुसरा. याला पंचवीस मिनिटं लागत आणि त्यात कुणालाच कमी-जास्त करता येत नसे.

पावणेनऊला फिल्टरांचा फोन आला.

"ताई, तुम्ही माझ्याशी खोटं बोललात."

"हो."

"पहिला होता." पलीकडे खुर्च्या आवरल्याचा आवाज. "पाकीट फोडलं आणि मी नाव वाचलं. सगळे दाराकडे बघायला लागले. मला म्हणाले, तुम्हीच सोडलंत. तुम्ही खरं कारण का नाही सांगितलंत कधी? पक्षीवाल्यांना ठाऊक होतं म्हणे, वडिलांचं."

"सांगून नियम बदलला असता?"

"आज नसता बदलला," फिल्टर प्रामाणिकपणे म्हणाले. "बाद म्हणजे बाद. पण परीक्षक दुसऱ्याला पहिला द्यायला तयार होईनात. शेवटी तक्त्यावर लिहिलं, पहिला क्रमांक, चौदा. नावाच्या जागी रेघ."

"त्या तक्त्याचा फोटो पाठवाल मला?"

"फोटोच ना," फिल्टर म्हणाले. "एवढं जमेल."

फोटो आला, वाकडा आणि हललेला. चिटणिसानं काढलेला. तिनं तो जसाच्या तसा दादाला पाठवला, वर त्याचाच जुना मेसेज जोडून. दादाचा फोन लगेच आला. मागे पाहुण्यांचा हशा, ताटांचा आवाज.

"चौदा म्हणजे कोण?"

"मी."

"मग नाव कुठाय?"

"नाव तेव्हा बाबांना पाणी पाजत होतं."

"म्हणजे... दिलं नाही ना त्यांनी? बाद ना? मग तसं बघितलं तर नंबर आला नाही."

"दादा, आज आठ ते नऊ तू इथे असतास तर आला असता."

पलीकडे दार लागल्याचा आवाज झाला. तो बहुतेक गॅलरीत आला होता. हशा बंद झाला. "वहिनी हाक मारतेय," तो म्हणाला. "मेसेज करतो."

ती बाबांजवळ खिडकीशी बसली. समोरच्या जिन्यात या वेळी कुणी नव्हतं, चार खिडक्यांत चार बल्ब. फोनच्या पडद्यावर दादा लिहीत असल्याची खूण आली आणि गेली. पुन्हा आली. बाबांनी तिच्या हातातल्या पडद्याकडे पाहिलं आणि सवयीनं म्हणाले, "दो-न." ती हसली. खूण तिसऱ्यांदा आली, बराच वेळ थांबली.

'ह्या रविवारी नाही जमणार. पुढच्या बघू.'

तिनं उत्तर दिलं, 'किती वाजता?'

बाबांचं डोकं डुलायला लागलं तशी तिनं त्यांची मान उशीवर सरळ केली. मग फोन थरथरला.

'नऊ.'

तिनं दिनदर्शिका भिंतीवरून काढली. पुढचा रविवार शोधला, चौकटीत लिहिलं: दादा, ९. लिहिलं पेन्सिलीनं.