गीताविना भरलेली सभा

मी एक जुनी पेटी आहे. कपड्यांची नव्हे, बाजाची. मित्रांनो, म्हातारी म्हणून मला गरीब समजू नका. मी डूख धरणारी आहे.

पुण्याच्या एका कारागिराने मला सागवानात घडवले. नगरच्या एका कुटुंबाबरोबर मी टेक्सासला, अर्विंगच्या मराठी चर्चमध्ये आले. चर्चची छोटी शाळा होती. रोज सकाळी तिथल्या शिक्षिका रत्नामावशी माझा भाता हलवायच्या आणि मुले मराठीत प्रार्थना गायची. घरी इंग्रजीच बोलणारी आन्यासुद्धा "मावशी, वन मोअर टाइम!" म्हणून हट्ट धरायची. चर्चची कोणतीही सभा माझ्या साथीने गीत म्हटल्याखेरीज सुरू होत नसे. तसा मंडळीचा नियमच होता. काय माझा थाट होता!

मग प्रतापकाका शाळेचे अध्यक्ष झाले. शेजारच्या दोन अमेरिकन चर्चच्या शाळा आणि आमची शाळा यांचे एकच बोर्ड करायचे घाटत होते. आमचे पाळक सिद्धेश म्हणाले, "बोर्ड एक करा, माझी हरकत नाही. पण आपली प्रार्थना, आपला शास्त्रपाठ आणि आपले टीचर्स निवडायचा राइट आपल्याकडेच राहील, हे आधी लिहून घ्या."

प्रतापकाकांचा डोळा नव्या बोर्डाच्या खुर्चीवर होता. "यार पास्टर, असं काही मागितलं तर ते सगळंच कॅन्सल करतील," ते म्हणाले. "आणि ती पेटी हलवा इथून. किती आउटडेटेड दिसतं!"

त्यांनी मला वॉटर हीटरच्या कपाटात कोंबले आणि किल्ली खिशात टाकली. तिथल्या उष्म्याने माझे लाकूड तडकले, भाता फाटला. बाहेर मुलांची प्रार्थना बंद पडली. रत्नामावशी रडल्या. मी रडले नाही, दातओठ खात बसले.

ठरावाच्या दिवशी काकांना भलतीच घाई होती. गीत न म्हणताच त्यांनी हात वर करायला लावले आणि अटींशिवाय ठराव मंजूर करून घेतला. टाळ्या थांबल्यावर सिद्धेश उभे राहिले.

"प्रतापकाका, गीत झालं नाही. म्हणजे सभा ओपनच झाली नाही. मग ठराव कसला?"

काकांचा चेहरा खर्रकन उतरला. सभा नव्याने घ्यायची तर गीत हवे, गीताला मी हवी, आणि किल्ली त्यांच्याच खिशात! महागड्या सुटाला माझी धूळ फासत त्यांनी मला स्वतः उचलून आणले. मित्रांनो, इतका आनंद मला कुठल्याच टाळ्यांनी दिला नव्हता.

रत्नामावशींनी भात्याला टेप लावली आणि सर्वांत लांब गीत निवडले. एकही कडवे गाळले नाही. गीत संपेपर्यंत उभे राहायची रीत आहे. काका घाम पुसत उभे होते. मी मुद्दाम धापा टाकत वाजले.

त्यानंतर मंडळीने एका बोर्डाला होकार दिला, पण अटींसकट. त्या दोन चर्चनी अटी लगेच मान्य केल्या. त्यांनाही आपापली प्रार्थना राखायचीच होती. काकांनी त्यांना कधी विचारलेच नव्हते. हे कळल्यावर नव्या बोर्डाने खुर्ची दुसऱ्याला दिली.

तेव्हा मित्रांनो, जुन्या वस्तू पुसा, झाका, जपून वापरा. दया म्हणून नको, थोडे भिऊनच जपा.

काका माफी मागायला आले तेव्हा रत्नामावशींनी त्यांना तिथल्या तिथे माफ केले. आता रोज सकाळी मुले क्षमेची प्रार्थना गातात आणि मी साथ करते. मी फक्त सूर देते. शब्द त्यांचे असतात.