पट्टे माझ्या पाठीमागे आहेत

मित्रांनो, शाळेकडे उतरणाऱ्या रस्त्यावर, दिव्याच्या खांबाला चिकटलेला राखाडी डबा तुम्ही पाहिला असेल. तो मीच, गाड्यांचा वेग मोजणारा एक जुना कॅमेरा. तुम्ही माझ्याखालून जाताना कधी मान वर करत नाही. मोठी माणसे मात्र न चुकता बघतात, आणि तीच माझी तक्रार आहे.

मी कारखान्यात तयार झालो, तेव्हा एका ताईने माझी काच मऊ फडक्याने पुसली आणि म्हणाली, "हा पोरांच्या शाळेजवळ लागणार आहे, नीट बघा रे." त्या दिवशी मला फार मोठे झाल्यासारखे वाटले होते.

मला शाळेच्या फाटकासमोर, रस्ता ओलांडायच्या पांढऱ्या पट्ट्यांपाशी बसवायचे ठरले होते. पण तिथे खणताना खडक लागला. थोडे अलीकडे दिव्याचा खांब आयता उभा होता. "इथंच लावून टाका, हाकेच्या अंतरावर तर आहेत पट्टे," मुकादम म्हणाला. झाले! माझे तोंड येणाऱ्या गाड्यांकडे आणि पट्टे माझ्या पाठीमागे. पाठीला मला डोळे नाहीत.

त्या पट्ट्यांवर शाळेची मावशी उभी असायची. हातात लाल पाटी, गळ्यात शिट्टी. मी आलो तसे मुख्याध्यापक तिला म्हणाले, "मावशी, उद्यापासून तुम्ही फाटकाच्या आत थांबा. रस्त्याचं आता कॅमेरा बघेल."

"तो बघेल हो," मावशी म्हणाली, "पण पोरांचा हात कोण धरेल?" आणि दुसऱ्या दिवशी ती पाटी घेऊन हजर.

तिचेच बरोबर होते. उतारावरून सुसाट येणारी गाडी मला बघितले की गोगलगाय व्हायची. माझ्याखालून गेली की पुन्हा ये रे माझ्या मागल्या! उलट, गेलेला वेळ भरून काढायला आणखी जोरात. तो जोर नेमका पट्ट्यांवर जाऊन पोहोचायचा. मी नुसता ऐकत असे. आधी इंजिनाची गुरगुर, मग मावशीची शिट्टी. इतका चडफडायचो, पण मला ना आवाज, ना हात.

वर माझे कौतुक! वाहतूक खात्याचे साहेब आले, माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "या रस्त्यावर वेगमर्यादा मोडणारा एकही सापडत नाही. उत्तम." एखाद्याच्या अंगावर मूठभर मांस चढले असते. मला मात्र खांबावरून उडी टाकावीशी वाटली. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो मी रोज ऐकत होतो.

मग ती सकाळ आली. निळ्या स्कूटरवरून एक बाबा मुलीला सोडायला निघाले होते. त्यांना उशीर झाला होता. माझ्याखाली आल्यावर त्यांनी वेग अगदी कमी केला. "इथं हळू जायचं, वर कॅमेरा आहे," ते मुलीला म्हणाले.

"आणि पुढं?" मुलीने विचारले.

"पुढं नाहीये कॅमेरा," ते म्हणाले, आणि स्कूटर सुटली.

माझ्या मागे शिट्टी वाजली. पुन्हा वाजली. मग ब्रेक किंचाळला आणि पाटी रस्त्यावर आपटली. दोन मुलांना मावशीने मागे ढकलले होते, म्हणून मुले वाचली. मावशीचा पाय मात्र मोडला.

चौकशीत ते बाबा म्हणाले, "मी हळूच होतो. हवं तर कॅमेऱ्यात बघा." बघितले. माझ्याकडे खरोखरच हळू जाणारी स्कूटर होती. मी खरे तेच दाखवले आणि त्यामुळे खोटे जिंकले. "बाईंना आत थांबायला सांगितलं होतं ना?" असे म्हणून साहेबांनी सगळा दोष मावशीच्या माथी मारला. इतका राग मला कधीच आला नव्हता.

बऱ्याच दिवसांनी मावशी काठी टेकत माझ्यासमोरून गेली. काखेत तीच पाटी होती. मला इथून काढून पुढच्या खांबावर लावणे एका सकाळचे काम आहे, पण कोणी मनावर घेत नाही.

त्याच सकाळी निळी स्कूटर आली. बाबांनी वर बघितलेच नाही. त्यांची नजर पुढे होती. ते माझ्याखालून गेले आणि मी सवयीने गुरगुर ऐकायला कान टवकारले. ती आलीच नाही. इंजिनाचा आवाज हळूहळू मंदावत थांबला. मग मावशीचा आवाज आला, "चला बाळांनो, या." मागचे गाडीवाले हॉर्न बडवत होते, ते आजही बडवतात.

मित्रांनो, माझे एवढे ऐका. मला पुसू नका, सजवू नका. गाडीवर मागे बसलात की माझ्याखालून जाताना पुढच्याच्या पाठीवर टिचकी मारा आणि सांगा, "पुढं कॅमेरा नाहीये. पुढं मावशी आहे."