आठवरून तीनवर

मी एक पट्टी. शाळेतली नव्हे. नुसत्या रेघा मारण्यात जन्म गेला असता, तर आज मान वर करून बोलले असते. मी दुखणं मोजते. माझ्या अंगावर शून्यापासून दहापर्यंत आकडे आहेत; शून्याशी हसरा चेहरा, दहाशी रडका.

छापखान्यात आम्ही दोनशे जणी एकदमच निघालो. यंत्रावरचा कामगार मला उलटसुलट करत म्हणाला, "दुखणं मोजायची पट्टी? एक घरी नेतो. माझ्यामुळे बायकोचं डोकं किती दुखतं, ते एकदा कळू तरी दे!" सगळे हसले. मी मात्र फुशारले. माणसाला जे बोलून दाखवता येत नाही ते माझ्या अंगावर बोट ठेवून दाखवता येणार, याहून मोठं काम कोणतं?

पुढे मी आले डॉक्टरबाईंच्या ॲप्रनच्या खिशात. स्तनाचा कर्करोग हाडांपर्यंत पोचलेल्या बायकांसाठी त्या संशोधन करत होत्या. आजार आता बरा होणार नव्हता. उरलेले दिवस तरी कळांवाचून जावेत, म्हणून त्यांनी वेदना कमी करणारं औषध देण्याची नवी पद्धत बसवली होती. त्यांची स्वतःची आई याच दुखण्यात विव्हळत गेली होती. त्या सुट्टी घेत नसत, डबा कितीदा तरी न उघडता घरी परत जाई. मनाने सोन्यासारखी बाई. हे आधीच सांगते, कारण पुढचं ऐकून तुम्ही त्यांना बोल लावाल.

वॉर्डात खिडकीशी एक शिवणकाम करणाऱ्या बाई होत्या. सगळे त्यांना टेलरबाई म्हणत. नर्स सुई टोचायला आली की या तिच्या गणवेशाकडे बघून म्हणायच्या, "कोणी शिवला गं हा? खांदा बघ कसा ओघळलाय!"

भरती झाल्याच्या चौथ्या दिवशी डॉक्टरबाईंनी मला त्यांच्यापुढे धरलं. "दहापैकी किती?"

टेलरबाईंनी आठवर बोट ठेवलं.

"आठ?" डॉक्टरबाईंचा चेहरा पडला. "अहो, कालच तर डोस वाढवला."

बोट थबकलं. घामाने ओलं होतं ते. मग सरकत सरकत तीनवर येऊन थांबलं. "चुकलं माझं. चष्मा नाही ना डोळ्यांवर. तीन."

"तरीच!" डॉक्टरबाईंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी वहीत तीन लिहिलं.

बोट सरकताना त्यांना दिसलं नव्हतं का? दिसलं होतं. आणि मला तर ते माझ्याच अंगावर कळलं होतं. दुखणं खरं मोजायचा तोरा मिरवणारी मी, एका खोट्या आकड्याखाली गुपचूप पडून राहिले.

त्यानंतर सात आठवडे रोज सकाळी तीन. कधी दोन.

एके दुपारी डॉक्टरबाई मला खाटेजवळच्या कपाटावर विसरल्या. त्या दाराबाहेर जाताच टेलरबाईंनी उशीचा कोपरा दातांत धरला. शेजारी बसलेल्या लेकीला बघवेना. "आई, अगं खरं का नाही सांगत?"

"हळू बोल. ती पोर आपल्यासाठी मरमर मरते. तीन म्हटलं की कशी खुलते, बघतेस ना? तुझ्या औषधाने काही होत नाही, असं तिच्या तोंडावर कसं सांगू? बाकीच्या जणीही असंच करतात."

लेकीने मला उचललं, तडक डॉक्टरबाईंची खोली गाठली आणि मला टेबलावर आपटलं. "आई तुम्हाला सांभाळून घेतेय, डॉक्टर. रोज."

डॉक्टरबाईंनी मला उचलून हातात घेतलं. "मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "त्यांचं बोट सरकलं तेव्हाच. माहीत असून मी तीन लिहिलं."

त्याच संध्याकाळी त्या खाटेवर टेकून बसल्या. मला बाहेर काढलंच नाही. "काय करता येत नाही, ते सांगा."

"कूस बदलता येत नाही."

"कधीपासून?"

"आल्यापासून, बाळा."

औषध बदललं. दुसऱ्या दिवशी टेलरबाई कुशीवर वळून चार तास झोपल्या. उठल्यावर नातीच्या नावावरून लेकीशी कडाकडा भांडल्या. असे पाच दिवस मिळाले. सहाव्या दिवशी त्या गेल्या.

वहीतले आकडे खरे नाहीत, असं डॉक्टरबाईंनी सांगताच विभागप्रमुख त्यांच्यावर उखडले. "एका बाईपायी बासष्ट जणींचं काम पाण्यात घालणार?"

"एकटीच खोटं बोलली कशावरून, सर?"

हयात असलेल्या एकोणीस जणींना त्या स्वतः भेटल्या. एकेकीजवळ अर्धा अर्धा तास बसल्या. अकरा जणींनी कबूल केलं. या संशोधनावरचा छापायला गेलेला निबंध डॉक्टरबाईंनी परत मागवला. चूक कोणाची, हे संपादकांना पाठवलेल्या पत्रात स्वतःचं नाव घालून लिहिलं. पुढे कित्येक दिवस सहकारी त्यांना बघून वाट बदलायचे.

मग एकदा त्या लेकीच्या घरी गेल्या. मी पर्समध्ये होते. लेक दारातच म्हणाली, "पाच दिवस दिलेत म्हणून आभार मानू, की त्या सात आठवड्यांसाठी भांडू, मला कळत नाही."

"भांडा," डॉक्टरबाई म्हणाल्या. आणि उंबऱ्यावरच उभ्या राहून त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

आता मी त्यांच्या वर्गात असते. आकडे पुसट झालेत, एक कड चिरली आहे. नवे डॉक्टर आले की त्या मला हातात घेऊन ही गोष्ट सांगतात, स्वतःला न वगळता. सांगताना दर वेळी स्वतःचं बोट आठवरून तीनवर सरकवून दाखवतात. मला तोंड असतं तर माझा वाटा मीही कबूल केला असता.

तुमच्याही घरात कोणी दुखण्यात असेल. "कसं वाटतंय?" असं तुम्ही विचाराल, तेव्हा ते माणूस आधी तुमचा चेहरा वाचेल. आठ ऐकायची तयारी ठेवून मगच विचारा.