कळशीचा मेंदू जागा झाला

मुंगी शिरेल तर शपथ, अशी सभागृहात गर्दी. खिडक्यांवर माणसं लोंबत होती. मधोमध एक उंच खुर्ची, तिच्यामागे जांभळा पडदा आणि पुढे साक्षात चुंबकमहाराज. त्यांच्या हातात तारा गुंडाळलेलं चंदेरी शिरस्त्राण होतं. ते टक् टक् वाजत होतं.

"मेंदू म्हणजे काय?" महाराज गरजले. "लोखंड! रक्तात लोखंड, लोखंडाला चुंबक आणि चुंबकाला मी!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मी मुळात भाविक माणूस. देवाचं नाव कुणी सुरात घेतलं की मी घरची वाट विसरतो. पण माझ्या देवाला कधी टक् टक् वाजावं लागलं नाही, म्हणून मी जरा सावरूनच बसलो होतो.

खुर्चीत आमच्या गल्लीतले शिंपीकाका होते. पक्षाघाताच्या झटक्याने त्यांचा उजवा हात लुळा पडला होता, जीभ जड झाली होती. अर्ध्या गल्लीचे सदरे ज्या हाताने बेतले, त्या हाताला आता घास धरवत नव्हता. व्यायाम शिकवायला फिजिओथेरपीवाल्या ताई घरी येत असत. काकूंनी त्यांना दारातूनच परत धाडलं, कारण महाराजांनी सांगितलं होतं, "व्यायामाने चुंबकत्व गळतं."

त्या ताई आज माझ्या शेजारी बसल्या होत्या, दातओठ खात.

"झटक्यानंतरचे पहिले महिने सोन्याचे असतात हो," त्या पुटपुटल्या. "आणि ही मंडळी ते टक् टक् ऐकण्यात घालवताहेत!"

एवढ्यात शिष्याने तांब्याच्या कळशीत दोन फडकी बुडवली आणि काकांच्या हाताखाली सारली. एक मनगटाशी, एक कोपराशी.

"मेंदूची उष्णता उतरायला!" महाराज म्हणाले.

ताईंच्या भुवया वर गेल्या. "दोन? आणि ओली?" त्या खुदकन हसल्या. "मी उठले की जरा वाट द्या बघू मला."

महाराजांनी शिरस्त्राण काकांच्या डोक्यावर उजवीकडे कलतं चढवलं. "उजवा हात, उजवा मेंदू!"

"उजव्या हाताचा कारभार डाव्या मेंदूत असतो," ताई माझ्या कानात म्हणाल्या. "हे गृहस्थ शेजारच्यांची कडी वाजवताहेत."

"आता सर्वांनी डोळे मिटा!" महाराजांनी फर्मावलं. "मी 'जागृत' म्हणेन तेव्हाच उघडा. आधी उघडाल तर लहरी बुबुळांत शिरतील!" त्यांनी स्वतःही डोळे मिटून घुमायला सुरुवात केली. शिष्य पडद्यामागे गेला.

सगळ्यांनी डोळे गच्च मिटले. मी एक किलकिला ठेवला. लहरी शिरल्याच तर एकाच डोळ्यात शिरतील, असा हिशेब.

ताई मांजरीच्या पावलांनी खुर्चीशी गेल्या, काकांच्या डोक्यावरचं शिरस्त्राण अलगद उचललं आणि कळशीवर ठेवलं. काकांच्या चेहऱ्याची चांगली बाजू मिश्कील हसली.

"जागृऽऽत!"

काकांची बोटं वळली. मूठ आवळली! लोकांच्या तोंडातलं "वा!" मात्र अर्ध्यावरच अडकलं. टक् टक् कळशीतून येत होतं.

"अगं बाई, कळशीचा मेंदू जागा झाला!" कुणीतरी किंचाळलं.

"शक्ती... शक्ती कळशीतूनही वाहते!" महाराजांनी सावरायला पाहिलं.

"मग कळशीलाच बसवा खुर्चीत!" भाजीवाली मावशी ओरडली. "आमच्या काकांना घरी जाऊ द्या!"

हशा उसळला. ताईंनी फडकी उचलली. खाली पितळेच्या दोन पट्ट्या, त्यांच्या तारा खुर्चीच्या पायातून पडद्यामागे. त्यांनी पडदा ओढला. शिष्य बॅटरीच्या डब्यावर अंगठा ठेवून बसला होता. भोळा बिचारा, अजून दाबतच होता. शिरस्त्राण उघडलं, तर आत फ्रिजवर चिकटवायचे चुंबक आणि एक घड्याळ!

"स्नायूला वीज दिली की तो आवळतो," ताईंनी सगळ्यांना सांगितलं. "ओल्या फडक्यातून ती नीट पोचते. डोक्याचा इथे संबंधच नाही. मेंदूला चुंबकाच्या लहरी देणारं खरं यंत्रही आहे बरं. ते तज्ज्ञ डॉक्टर तपासून, जागा ठरवून वापरतात. झटक्यानंतर कुणाला, किती उपयोग होतो, याचा अभ्यास अजून चालू आहे. आणि तेही व्यायामाच्या जोडीला, त्याच्याऐवजी नाही."

या गोंधळात महाराज मागच्या दाराने निघाले होते, पण दारात मावशी कमरेवर हात ठेवून उभी होती. पोलीस येईपर्यंत ती हलली नाही.

काकूंनी मात्र ताईंचा हात धरला. "म्हणजे मीच यांचा हात घालवला का गं?"

"नाही हो काकू. स्नायू शाबूत आहे, हे तर आत्ताच सगळ्यांनी पाहिलं. हुकूम द्यायला मेंदूला पुन्हा शिकवायचं. चला, आजच बसू."

ताईंनी सदऱ्याचं बटण चिमटीने उचलायचा व्यायाम दिला, आणि तेव्हापासून काकूंचा छळवाद सुरू आहे. "उचला ते बटण! परत! तोंड वाकडं करू नका, ते आधीच वाकडं आहे!" काका जड जिभेने काहीतरी बोलतात, ते लिहिण्यासारखं नसतं. परवा त्यांनी बटण चिमटीत धरलं. उचललं नाही, पण सुटूही दिलं नाही. मी हात जोडून "चमत्कार!" म्हणालो, तर काकू माझ्यावरच खेकसल्या, "चमत्कार नाही, घाम आहे तो! पुसा त्यांचं कपाळ."

मी पुसलं. मंडळी, देवाला जरूर शरण जा, मीही जातो. पण कुणी उपचार सांगितला की आधी विचारा: हे कशाने होतं, कुणी तपासलं? आणि डोळे मिटायला सांगितले, तर दोन्ही उघडे ठेवा.