रिकाम्या ओटीची भीती

गुरुलिंग. हे बघा, घेतलं नाव. सात वर्षं उखाण्याशिवाय हे नाव माझ्या तोंडून निघालं नव्हतं. पण ज्या दिवशी सोलापूरच्या कोर्टात आमचा काडीमोड व्हायचा होता, त्या दिवशी सकाळीच मी ते मोठ्यानं म्हणून पाहिलं. काही झालं नाही. तोंड फक्त कडू झालं.

दोघांच्या संमतीनं घटस्फोट मिळायचा कायदा नुकताच, शहात्तर साली आला होता. भांडण नको, साक्षीदार नकोत. अर्ज करायचा, सहा महिने थांबायचं आणि पुन्हा एकदा दोघांनी 'हो' म्हणायचं. "महानंदाताई, कारण लिहायचंच नाही. कुणाची अब्रू जात नाही," वकील म्हणाले. जात नाही कशी? गुरुलिंगची बायको वांझ, म्हणून माहेरी धाडली, हे सोलापुरातल्या अख्ख्या शुक्रवार पेठेला तोंडपाठ होतं. आणि माझ्या ट्रंकेत पुण्याच्या डॉक्टरांची चिठ्ठी होती, चांगली मराठीत, सुवाच्य अक्षरात लिहिलेली: दोष नवऱ्यात आहे, त्यांना मूल होणं शक्य नाही.

वकिलांना ती दाखवली, तर त्यांनी घाईनं घडी घालून परत दिली. "ही बाहेर काढलीत तर ते संमती मागे घेतील. मग बसा लोंबकळत." मला त्या घरातून कायमचं सुटायचं होतं. मी सहा महिने गप्प बसले. तेवढ्यात गुरुलिंगला दुसरी मुलगी ठरलीसुद्धा. तिचे वडील शिवलिंगप्पा, जावई मोकळा झाल्याची खात्री करायला मैंदर्गीहून मुद्दाम कोर्टात आले होते. बैलबाजारात आल्यासारखे व्हरांड्यात पान चघळत बसले होते.

आमचा पुकारा व्हायच्या आत सासूबाई पिशवी घेऊन लगबगीनं आल्या. पिशवीत खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी.

"पदर पसर गं," निंगव्वा म्हणाली. सासूबाई तरी आता कशाला म्हणू?

"इथं? कोर्टात?"

"सायबानं सही करायच्या आत भराय पायजे की. अजून सुवाशीण हायस तू. सुवाशीण रिकाम्या वटीनं घराभाईर गेली की तिचा तळतळाट म्होरल्या सुनंला लागतोय. तिची कूस उजवाय नको व्हय?"

अंगावर पाल पडावी तसं झालं मला. जिनं कधी मला शेजारच्या बारशाला जाऊ दिलं नाही, तीच आता माझ्या कपाळाला कुंकू लावून मूठ मूठ तांदूळ पदरात टाकत होती. लेकाचं दुखणं तिला माहीत होतं. तरी भीती माझ्या तळतळाटाची! गुरुलिंग भिंतीवरची नोटीस वाचत होता. तीच नोटीस, पुन्हा पुन्हा.

ओटी पुरती भरायच्या आतच पुकारा झाला. मी पदर तसाच धरून आत गेले.

"पदरात काय आहे?" साहेबांनी विचारलं.

"ओटी, साहेब."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "कुणाची जबरदस्ती नाही ना? स्वखुशीनं?"

एक शब्द वाकडा गेला असता तर सहा महिने पाण्यात आणि मी परत त्या घरात. "स्वखुशीनं," मी म्हणाले. गुरुलिंगही म्हणाला. पाच मिनिटांत सगळं संपलं.

मी सुटले होते. सरळ घरी जाता आलं असतं. पण सहा महिने ती चिठ्ठी मीच दाबून ठेवली होती, आणि त्या मुलीची मला आठवण झाली नव्हती असं नाही. निंगव्वाची आली त्याहून जास्त किळस मला माझी आली. चिठ्ठी त्या दिवशी पोलक्यात घालूनच आणली होती. ती काढून शिवलिंगप्पांच्या हातात दिली.

त्यांनी ओठ हलवत सगळी वाचली. आता हा माणूस उठून गुरुलिंगची कॉलर धरणार, म्हणून मी दोन पावलं मागे सरले. त्यांनी वकिलांसारखीच घडी घातली आणि चिठ्ठी परत दिली.

"ह्ये म्हाईत हाय की आमाला."

"आणि तरी देताय?"

"हिच्या पाटच्या दोगी उजवायच्या हायत, ताई. हिला बिनहुंड्याची नेत्यात. दुकान हाय, घर हाय. पोर काय, दत्तक बी घेतील. तुमी आता ह्ये कुनाला दावू नगा."

"तिला माहीत आहे?"

"तिला कशाला सांगायचं? पोरीच्या जातीला काय कळतंय त्यातलं."

मला तिथंच थुंकावंसं वाटलं. पण विचारलं, "नाव काय तिचं?"

"चन्नम्मा." बापाचा चेहरा खुलला. "सातवी पास हाय की. लई हुशार."

"म्हणजे वाचता येतं तिला."

त्यांचं पान चघळणं थांबलं. मी पदरातली ओटी निंगव्वाच्या पिशवीत जशीच्या तशी परत ओतली. ती "अगं अगं" करत राहिली. चिठ्ठी कमरेला खोचली आणि मैंदर्गीची गाडी किती वाजता सुटते ते विचारायला मी एस.टी. स्टँडकडे निघाले.