गॅरेजमधला आवाजखाऊ

मित्रांनो, मला पहिल्यांदा पाहणारा माणूस हमखास विचारतो, "ही गादी भिंतीवर का टांगली आहे?" मी गादी नाही. माझ्यावर आजवर कोणी झोपलेले नाही. मी गॅरेजच्या भिंतीवरचा एक जुना तक्ता आहे. लाकडाची चौकट, पोटात रॉकवूल, म्हणजे दगड वितळवून काढलेली लोकर, आणि अंगावर राखाडी कापड, एवढाच माझा देह. खोलीत कोणी बोलले की त्याचा आवाज भिंतींवर आपटून परत येतो आणि पुढच्या शब्दात लुडबुड करतो. ती लुडबुड मी गिळतो. म्हणून घरातल्यांनी माझे नाव 'आवाजखाऊ' ठेवले. नाव थट्टेचे आहे, पण मी ते छाती काढून मिरवतो.

माझा जन्म घाईत झाला. त्याला कारण या घरातल्या आई.

आईंनी उभा जन्म बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करण्यात घालवला. कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागली, कोणाचे मूल चुकले, कोणाची पिशवी सापडली, सगळे भोंग्यातून त्याच सांगायच्या. लोक त्यांना घोषणाबाई म्हणत. नोकरी संपली तरी आवाजाचा दरारा संपला नव्हता. घराच्या मागच्या दारातून त्यांनी हाक मारली की पुढच्या रस्त्यावरचा भाजीवाला थांबायचा.

मग त्यांचा घसा बसला, आणि बसला तो उठेना. डॉक्टरांनी तपासले. घशात गाठ होती. ऑपरेशन करून स्वरयंत्र काढावे लागणार होते. जीव वाचणार होता, आवाज जाणार होता.

दवाखान्यात वाचा-उपचार करणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी धीर दिला. "ऑपरेशनआधी तुमचा आवाज भरून ठेवू. पुढे तुम्ही टॅबवर जे लिहाल, ते यंत्र तुमच्याच आवाजात बोलेल. मात्र आवाज स्वच्छ पाहिजे."

आईंचा मुलगा वायरमन. त्याला गाण्याचा नाद, म्हणून त्याने गॅरेजमधली गाडी बाहेर उन्हात काढून आत माइक, संगणक आणि गिटार मांडली होती. तो उड्या मारतच म्हणाला, "अहो, घरचाच स्टुडिओ आहे आपला!"

त्याने आईचा आवाज भरला आणि बाईंना ऐकवला. बाईंनी कानावरचे हेडफोन हळूच काढले.

"आवाज छान आहे," त्या म्हणाल्या, "पण त्यांच्यासोबत तुमची खोलीही बोलतेय. यंत्र दोन्ही शिकेल. मग त्या जन्मभर विहिरीतून बोलल्यासारख्या वाटतील."

खरेच होते ते. चारी बाजूंना उघड्या सिमेंटच्या भिंती आणि समोर लोखंडी शटर. टाळी वाजवली तर पत्र्यावर नाणे पडल्यासारखी टणणण आवाज करत फिरायची. इकडे ऑपरेशन जवळ येत होते आणि आईंचा आवाज रोज थोडा थोडा झिजत होता.

मुलाने कुठेतरी ऐकले होते की अंड्यांचे ट्रे लावले की खोली गप्प होते. त्याने साऱ्या आळीतून ट्रे गोळा केले आणि डिंक लावून भिंती भरून टाकल्या. टाळी वाजवली. टणणण!

त्याची बायको दारात उभी राहून पाहत होती. ती म्हणाली, "अहो, आवाज जाईल तेव्हा जाईल, आधी कोंबड्या राहायला येतील."

मित्रांनो, ही सूनबाई माझी जन्मदाती. तिचे सोफे आणि खुर्च्या शिवायचे दुकान होते. सासू-सुनेचे मात्र विळ्या-भोपळ्याचे सख्य. आईंना तिचे काम पसंत नव्हते. "लोकांच्या बसायच्या जागा ठोकत बसते," असे त्या पाहुण्यांसमोर म्हणायच्या, आणि सूनबाई ओठ आवळून भांडी जोरात आपटायची.

त्या दिवशी तिने भांडी आपटली नाहीत. ती थेट वाचा-उपचारवाल्या बाईंकडे गेली, स्वच्छ आवाज भरायची खोली कशी असते ते विचारून आली आणि दुकानाला कुलूप लावले. जुन्या कपाटाच्या फळ्या कापून तिने माझी चौकट ठोकली. लोकर अंगाला खाजते, म्हणून हातमोजे चढवले, तोंडाला फडके बांधले आणि जाड थर माझ्या पोटात बसवला. कापड निवडताना तिने दुकानातले सगळे तागे तोंडाशी धरून फुंकून पाहिले. रेक्झिन बाजूला, मखमल बाजूला. ज्यातून फुंकर सहज पलीकडे गेली, तेच कापड माझ्या अंगावर ताणून बसवले. "श्वास जातो तिथून आवाजही जाईल," ती स्वतःशीच पुटपुटली. माझ्यामागोमाग माझी भावंडे तयार झाली. कोपऱ्यात घुमणाऱ्या आवाजासाठी दोन चांगली जाडजूड भावंडे बनवली. त्यांच्या जाडीबद्दल मी बोलत नाही, चिडतात.

मला टांगायची जागा आरशाने ठरवली. आईंना माइकसमोर खुर्चीवर बसवले. मुलगा भिंतीला लावून आरसा सरकवत गेला.

"आई, आरशात माइक दिसला की सांग."

"माइक नाही, माझा अवतारच दिसतोय. केस बघ कसे झालेत!"

"आई!"

"दिसला, दिसला. थांब."

जिथून माइक दिसला, तिथूनच आवाज आपटून माइककडे परतत होता. तिथेच माझा खिळा ठोकला गेला. भिंतीपासून वीतभर पुढे, म्हणजे मला पाठीमागूनही काम करता यावे. शटरवर जाड गोधड्या सोडल्या. मग मुलाने पुन्हा टाळी वाजवली.

टप्.

एवढेच. आवाज जिथे जन्मला तिथेच विरला. मुलाने घाबरून पुन्हा टाळी वाजवली. टप्. आणि तो लहान पोरासारखा हसत सुटला. माझ्या आयुष्यातला तो पहिला घास होता, मित्रांनो. त्याची चव मी अजून विसरलो नाही.

आई रोज सकाळी येऊन बसू लागल्या. आवाज टिकेल तेवढा वेळ बाईंनी दिलेली छापील वाक्ये वाचायची, मग कोमट पाणी प्यायचे. शेजारचा कुत्रा भुंकला की थांबावे लागे. बाहेरचा आवाज अडवणे हे माझे काम नाही, तशी बढाई मी मारणार नाही. शेवटी सूनबाई शेजाऱ्यांकडे गेली आणि कुत्र्याला सकाळपुरते मागच्या अंगणात हलवून आली.

पहिल्या दिवशीचे वाचन मुलाने आईंना ऐकवले. त्या हेडफोन लावून बसल्या आणि गोंधळून इकडेतिकडे पाहू लागल्या.

"ही कोण बोलतेय?"

"तूच आहेस, आई."

"छे! एवढा मऊ आवाज माझा?"

त्यांचा तरी काय दोष? आयुष्यभर त्यांनी स्वतःला ऐकले ते भोंग्यातून, भल्यामोठ्या छपराखाली घुमताना. मी त्यांच्या आवाजात काहीही घातले नव्हते. जे त्यांचे नव्हते तेवढे काढून घेतले होते.

सूनबाई माझ्याजवळ भिंतीला टेकून उभी होती. ती म्हणाली, "असाच आहे तुमचा आवाज, आई. मी रोज ऐकते."

आईंनी तिच्याकडे पाहिले. मग माझ्याकडे, माझ्या चौकटीकडे, कोपऱ्यात नीट दुमडून बसवलेल्या कापडाकडे. उठून आल्या आणि शिवणीवरून बोट फिरवले.

"हात चांगला आहे गं तुझा," त्या म्हणाल्या. पाहुण्यांसमोर बोलल्या असत्या तर आणखी बरे झाले असते, पण भिंती तरी साक्षीला होत्या.

त्यानंतर त्यांना छापील वाक्ये पुरेनात. "आज हवा आल्हाददायक आहे, असं मी कधी बोलते का?" असे म्हणत त्यांनी आपली वाक्ये भरली. मुलाला उठवायची हाक, भाजीवाल्याशी घासाघीस, कुत्र्याला दम. शेवटच्या सकाळी आवाज अगदी चिरका झाला, तेव्हा त्या फक्त हसल्या. मुलाने तेही भरून घेतले.

ऑपरेशन झाले. बऱ्याच दिवसांनी आई घरी आल्या. गळ्याला पट्टी, हातात टॅब. त्या दिवशीची हकिगत मला गॅरेजमध्येच कळली, कारण सूनबाई धावत येऊन माझ्यासमोरच, कामावरून नुकत्याच परतलेल्या नवऱ्याला सांगत होती. बाकी सगळे जेवायला बसले होते. वाचा-उपचारवाल्या बाईही होत्या. आता आई काय बोलतात, म्हणून सगळ्यांचे घास हातात थांबलेले. आईंनी एक घास खाल्ला, सावकाश टाइप केले आणि त्यांचा तो मऊ, स्वच्छ आवाज स्वयंपाकघरात उमटला:

"मीठ कमी आहे."

"टोमणाच मारला हो!" सूनबाई डोळे पुसत हसत होती. "पहिला शब्द काढला तो टोमणा! अगदी त्यांच्याच आवाजात!"

पुढे बाईंनी दुसरी माणसे पाठवली. ज्यांचा आवाज जाणार होता ती सारी आमच्या गॅरेजमध्ये आली. एक गवंडी आला. एक शिक्षिका आली, तिने वर्गातली हजेरी भरली. एका माणसाने केवळ नातीला झोपवायची गोष्ट सांगितली. लोक माइकचे कौतुक करत, संगणकाचे करत. माझ्याकडे पाहून "ही गादी कशाला?" म्हणत. मला वाईट वाटले नाही. माझे काम दिसत नाही तेव्हाच ते नीट झालेले असते.

पण पुढे एक आफत आली, तीही प्रेमाने. मुलाने गॅरेज रंगवायला काढले. उरलेल्या ऑइलपेंटने त्याने माझ्या अंगावर मोठे निळे फूल काढले. येणारा-जाणारा "वा!" म्हणू लागला. आयुष्यात पहिल्यांदा माझी स्तुती होत होती आणि आयुष्यात पहिल्यांदा मी बिनकामाचा झालो होतो. रंगाने माझ्या कापडाची छिद्रे बुजली. आवाज माझ्यावरही आपटून परतू लागला. "म्हातारा झाला हा," मुलगा म्हणाला, आणि मला भंगारवाल्यासाठी फाटकाबाहेर टेकवून ठेवले.

भंगारवाला मला उचलणार, तेवढ्यात आई बाहेर आल्या. टॅब घरातच राहिला होता. हाक मारायला आवाज नव्हता. त्यांनी दोन्ही हातांनी माझी चौकट धरली आणि सोडेचनात. भंगारवाला बिचारा ओशाळला. सूनबाई धावत आली, माझ्यावर अंगठा फिरवला आणि ओरडली, "अहो, नाक-तोंड बंद केलंत तुम्ही याचं!"

आई आत गेल्या, टॅब घेऊन आल्या. तो मऊ आवाज रस्त्यावर सगळ्यांसमोर म्हणाला, "याला घरात घ्या. माझ्या सुनेने बनवलाय."

सूनबाईने त्याच दुपारी रंगलेले कापड फाडून नवे चढवले. मी पुन्हा माझ्या खिळ्यावर गेलो.

मित्रांनो, माझ्यासारख्यांना जपणे अवघड नाही. ओल लागू देऊ नका, अधूनमधून धूळ झटका आणि सजवण्याच्या हौसेने श्वास कोंडू नका. आणि घरात कोणी बोलत असेल तर मध्ये लुडबुड न करता त्याला शेवटपर्यंत ऐका. तो आवाज उद्याही असेलच, असे धरून चालू नका. माझ्या अंगात दगडाची लोकर आहे, तरी मला एवढे कळते.

आता रजा द्या. माइकसमोर कोणीतरी नवीन येऊन बसले आहे आणि घसा साफ करते आहे.